वेबसाइटचा मजकूर लिहून घेण्याआधी

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक पहिल्याच भेटीत एक यादी पुढे करतात. वीस-पंचवीस कीवर्ड (गूगलवर शोधताना लोक टाइप करतात ते शब्द) आणि खाली सूचना : 'हे सगळे प्रत्येक पानावर आले पाहिजेत.' यादी आम्ही ठेवून घेतो, पण आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो. गेल्या आठवड्यात तुम्हाला जे फोन आले, त्यांत लोकांनी नेमकं काय विचारलं? हा प्रश्न आम्ही का विचारतो, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

समजा, तुमचं काम वॉटरप्रूफिंगचं आहे आणि साइटवरचं पहिलं वाक्य असं आहे : 'अत्याधुनिक तंत्रज्ञान व अनुभवी मनुष्यबळाच्या जोरावर सर्वोत्कृष्ट वॉटरप्रूफिंग सेवा देणारी आमची अग्रगण्य संस्था आपल्या सेवेत सदैव तत्पर आहे.' यातलं 'वॉटरप्रूफिंग' काढून 'कुरिअर' घाला. वाक्याला काहीच फरक पडत नाही! आणि घरात बादली लावून बसलेला माणूस मोबाइलवर 'अग्रगण्य संस्था' शोधत नसतो. तो लिहितो 'स्लॅब गळतोय उपाय', 'भिंतीला ओल का येते', 'गच्चीला तडे गेलेत'.

तेच पान आम्ही असं सुरू करू :

'ओल जिथे दिसते तिथूनच पाणी शिरतं असं नाही. गच्चीच्या कठड्याच्या सांध्यातून किंवा पाइपच्या कडेने आत गेलेलं पाणी स्लॅबमधून वाट काढत भलत्याच खोलीत उतरतं. म्हणून गळतीचं मूळ सापडल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही.'

गच्ची, सांधा, पाइप, स्लॅब, ओल, गळती. लोक शोधतात ते बरेचसे शब्द आले, आणि एकही कोंबावा लागला नाही. शिवाय वाचणाऱ्याला कळलं की या माणसाला कामातलं समजतं. शब्द कामाच्या ओघात आले की असं होतं.

कीवर्ड कोंबण्याची युक्ती एके काळी चालायची, हे खरं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात शब्दांच्या ओळीच्या ओळी लपवून ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पण तो काळ केव्हाच सरला. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शब्दांची यादी, शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं. तरी आजही कुणी तरी तो भरून देण्याचे पैसे घेतंच. गूगलच्या शोधपद्धतीतल्या २०११ च्या 'पांडा' बदलाने पोकळ मजकुराची पानं मागे ढकलली, २०१२ च्या 'पेंग्विन'ने विकतच्या लिंक आणि कीवर्डची भरताड यांना चाप लावला. २०१९ मध्ये आलेल्या 'बर्ट' या गूगलच्या भाषा-प्रणालीमुळे शोधवाक्यातले शब्द एकमेकांच्या संदर्भात समजून घेणं यंत्राला जमू लागलं. सर्च इंजिनाला आता तोच शब्द दहादा ऐकवावा लागत नाही. वाचणाऱ्याला तर तो कधीच नको होता.

मराठीत आणखी एक गोष्ट आहे. आपले शब्द विभक्तीने रूप बदलतात : गळती, गळतीचं, गळतीमुळे. शब्द यादीत आहे तसाच यावा, असा हट्ट धरला की 'स्लॅब गळती उपाय साठी संपर्क करा' असली मोडकी वाक्यं तयार होतात. ती आम्ही लिहीत नाही. शब्द कसा लिहायचा याचं मात्र भान ठेवतो. लोक 'वेबसाइट'ही लिहितात आणि 'वेबसाईट'ही. आम्ही एकच रूप ठरवून ते सगळीकडे पाळतो. दोन्ही रूपं आलटून पालटून वापरली तर ते वाचणाऱ्याला निष्काळजीपणाचं वाटतं.

आणि फॉन्ट! जुनी माहितीपुस्तिका डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेली असते. तिथून मजकूर उचलून साइटवर टाकला की तो फॉन्ट असलेल्या संगणकावर छान मराठी दिसतं. सर्च इंजिनाला मात्र त्यात रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण आत खरोखर तेच साठवलेलं असतं. अशी पानं मराठीत शोधून सापडणार कशी? आमच्याकडे असा मजकूर आला की आम्ही तो आधी युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना समजणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) बदलतो, मग ओळ न ओळ तपासतो. या बदलात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

पानाचं टायटल म्हणजे शोधनिकालात दिसणारी ठळक ओळ. कित्येक साइटवर तिथे नुसतं 'मुख्यपृष्ठ' असतं. त्याऐवजी काम आणि नाव, याच क्रमाने. लांब ओळ मोबाइलवर कापली जाते, म्हणून महत्त्वाचं आधी. त्याखालच्या वर्णनाने क्रम वाढत नाही आणि गूगल अनेकदा ते बदलून पानातलाच मजकूर दाखवतं. तरीही आम्ही ते नीट लिहितो, कारण जेव्हा दिसतं तेव्हा माणूस ते वाचूनच क्लिक करायचं की नाही ते ठरवतो.

पान उघडल्यावरही तो सगळं वाचत नाही. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये केलेल्या चाचणीत ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. शब्द न शब्द वाचणारे होते १६ टक्के. म्हणून उपशीर्षक 'आमच्या सेवा' असं न ठेवता 'गच्चीची दुरुस्ती पावसाआधी का करावी' असं ठेवतो. फक्त उपशीर्षकं वाचली तरी मुद्दा कळावा. दरपत्रक किंवा कामाची वेळ नुसत्या चित्रात असेल तर तीही मजकुरात आणतो, आणि कामाच्या फोटोंना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, देतो. ते सर्च इंजिनाला उपयोगी पडतं, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध वाचकाला त्याहून जास्त.

एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का, असं हल्ली सगळेच विचारतात. मजकूर कुणी लिहिला यापेक्षा तो उपयोगी आहे का, हे पाहतो, असं गूगल म्हणतं; निव्वळ क्रमवारीसाठी ढिगाने काढलेली पानं मात्र त्याच्या नियमांत बसत नाहीत. आमची अडचण साधी आहे. तुमच्या शेवटच्या कामात तडा कुठे सापडला, ते एआयला माहीत नसतं. तुम्हाला असतं.

पहिल्या क्रमांकाची हमी आम्ही देत नाही. ती कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. नवं पान शोधात नोंदलं जायला कधी दोन दिवस लागतात, कधी काही आठवडे, आणि त्यानंतरही ते वरखाली होत राहतं. तीन महिन्यांनी आम्ही सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडून लोक कोणत्या शब्दांनी तुमच्यापर्यंत पोचले ते पाहतो आणि त्यानुसार मजकुरात दुरुस्ती करतो. ही एक दुरुस्ती ठरलेल्या कामातच धरलेली आहे.

काम सुरू करण्यासाठी आम्हाला लागतं ते एवढंच : एका आठवड्यात फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न, लोकांच्याच शब्दांत. नावं आणि नंबर खोडून पाठवा. शुद्धलेखन सुधारू नका.