वासाहतिक वारशाचा चित्रपट

परकी सत्ता गेल्यावरही कायद्यात, भाषेत आणि मनातल्या धाकात उरलेल्या गुलामीचा, तसेच पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या घरच्या जुलमाचा माग घेणारा चित्रपट. फ्रेंच आफ्रिकेत १९३४ च्या लाव्हाल आदेशामुळे चित्रीकरणासाठी सरकारी परवानगी लागे. सेनेगलचे उस्मान सेम्बेन मुळात कादंबरीकार. वाचता न येणाऱ्या आपल्या माणसांपर्यंत पोचायचे म्हणून ते कॅमेऱ्याकडे वळले. ‘तिसरा सिनेमा’, म्हणजे हॉलीवूडची करमणूक आणि युरोपचा कलापट दोन्ही बाजूला सारून मुक्तिलढ्याशी नाते सांगणारा चित्रपट, ही संज्ञा अर्जेंटिनात फर्नांदो सोलानास आणि ऑक्टाव्हियो गेतिनो यांनी १९६९ मध्ये मांडली.

बडोद्यात हा विषय परका वाटत नाही, कारण इथला राजाच कॅमेऱ्यात सापडला होता. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात निजामांपाठोपाठ सयाजीराव गायकवाड (तिसरे) पंचम जॉर्जसमोर आले. साधा पोशाख, हातात छडी. एकदाच लवले, वळले आणि चालू लागले; रिवाज मात्र तोंड न फिरवता मागे सरण्याचा होता. ती फीत लंडनच्या चित्रपटगृहांत झळकली, राजनिष्ठेवर शंका घेतली गेली आणि महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंग यांच्याकडे लेखी दिलगिरी पाठवावी लागली. आपण गोंधळलो, असा त्यांचा खुलासा होता. बडोदेकर मराठी माणूस ‘महाराजांनी पाठ दाखवली’ असे आजही कौतुकाने सांगतो. एरवी मराठीत पाठ दाखवणे म्हणजे पळ काढणे. इथे तेच शौर्य झाले! अवज्ञा होती की गडबड, हे फितीवरून ठरत नाही. पाहणारा ते आधीच ठरवून बसलेला असतो.



हे कौतुक अपुरे पडते ते पुढच्या प्रसंगापाशी. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. या प्रसंगात गोरा साहेब कुठेच नाही.

मराठी चित्रपटाने या दुसऱ्या, घरच्या जुलमाच्या वारशाला अलीकडे अधिक धीटपणे हात घातला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) शाळेच्या भिंतीवर आंबेडकरांचे चित्र आहे. त्याच भिंतीसमोरून शाळकरी नायक जब्याचे कुटुंब पकडलेले डुक्कर टांगून नेते. त्यावर कोणी काही बोलत नाही.