टॅक्स कोडमधले रकाने कुठून आले

अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये नवा टॅक्स कोड, म्हणजे व्यवहारावर कोणता कर किती दराने लावायचा हे सांगणारी नोंद, तयार करताना दराखेरीज बरेच काही भरावे लागते: कराचा प्रकार, विक्रीचे खाते, खरेदीचे खाते, लागू तारीख. कायदे बदलत गेले तसे हे रकाने वाढले.

जर्मनीने 1918 मध्ये उलाढालीवर 0.5 टक्के कर बसवला. अशा कराच्या नोंदीला एक दर आणि सरकारला द्यायच्या कराचे एक खाते पुरते. पण माल जितक्यांदा हात बदलेल तितक्यांदा करावर कर चढे. फ्रान्सने 1954 मध्ये करअधिकारी मोरिस लोरे यांच्या कल्पनेतून मूल्यवर्धित कर आणला आणि विक्रीवरच्या करातून खरेदीवर भरलेला कर वजा मिळू लागला. इथून खरेदी-विक्रीची खाती वेगळी झाली. दोन्हीकडे एकच खाते जोडले तरी निव्वळ शिल्लक बरोबरच येते, म्हणून ही चूक विवरणपत्र भरेपर्यंत लपून राहते.

सर्वाधिक गोंधळ शून्याचा. शून्य दराच्या विक्रीमागच्या खरेदीवरचा कर वजा मिळतो, करमुक्त विक्रीमागचा सहसा मिळत नाही. बिलावर दोन्हीकडे कर 0 दिसतो म्हणून एकच कोड वापरला, की वजावट किती घ्यायची हेच कळेनासे होते.

युरोपीय समुदायातली अंतर्गत सीमा-तपासणी 1993 च्या सुरुवातीला संपली आणि सीमेवरची करवसुलीही थांबली. दुसऱ्या सदस्य देशातून माल घेणाऱ्या व्यावसायिकाने कर स्वतःच लावायचा, स्वतःच वजा घ्यायचा. 1,000 च्या खरेदीवर 20 टक्क्यांनी 200 देणे आणि 200 येणे, अशा दोन नोंदी हव्यात. तिथे साधा 0 टक्क्यांचा कोड टाकला, तर विक्रेत्याची रक्कम बरोबर येते, विवरणपत्रातले दोन्ही आकडे मात्र गायब.

‘करावर कर’ हा पर्याय क्वचितच लागतो, पण तो उगाच आलेला नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचा 9.5 टक्के कर 2012 अखेरपर्यंत 5 टक्के संघीय कर धरून आलेल्या रकमेवर लागे. 2013 पासून तो मूळ किमतीवर 9.975 टक्के झाला. बोजा तेवढाच, कोडची मांडणी मात्र बदलली.

लागू तारखेचे महत्त्व ब्रिटनच्या मूल्यवर्धित करात दिसले: 1 डिसेंबर 2008 ला 17.5 वरून 15 टक्के, 1 जानेवारी 2010 ला परत 17.5, आणि 4 जानेवारी 2011 ला 20. अशा वेळी जुन्या कोडचा दर खोडून नवा लिहू नये. काही प्रणालींत जुने बिल पुन्हा उघडताच कर नव्या दराने मोजला जातो. नवा कोड काढावा. जुना लगेच बंदही करू नये, कारण परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) मूळ बिलाच्याच दराने निघते.