मोझेस, एडविन

मोझेस, एडविन : (३१ ऑगस्ट १९५५ – ). चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील अमेरिकन धावपटू. जन्म ओहायओ राज्यातील डेटन येथे. १९७६ (माँट्रिऑल) आणि १९८४ (लॉस एंजेलिस) या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, १९८८ (सोल) मध्ये कांस्यपदक, १९८३ व १९८७ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत पहिला क्रमांक. विश्वविक्रम चार वेळा. १९७७ ते १९८७ या काळात त्याने ओळीने १२२ शर्यती जिंकल्या आणि त्याचे नाव निघाले की पहिल्यांदा हाच आकडा सांगितला जातो. मात्र मोझेस कसा धावत होता हे समजून घ्यायचे तर १२२ पेक्षा १३ हा आकडा जास्त उपयोगी पडतो.

चारशे मीटरची अडथळा शर्यत म्हणजे मैदानाची एक पूर्ण फेरी आणि वाटेत दहा अडथळे. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंमी., म्हणजे तीन फूट असते. पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेपासून ४५ मी.वर, पुढचे नऊ दर ३५ मी.ला आणि दहाव्यानंतर ४० मी.ची मोकळी धाव. अडथळ्याचा पाया धावपटूच्या बाजूला असतो, त्यामुळे पाय लागला तर तो पुढे कलंडतो. चुकून पाडल्याबद्दल शिक्षा नाही. मोडलेली लय हीच शिक्षा.

खरी गोम मधल्या पस्तीस मीटरांत आहे. धावपटू अडथळ्याच्या दोनेक मीटर अलीकडून पाय उचलतो आणि मीटरभर पलीकडे टेकतो. उरलेले अंतर ठरावीक ढांगांत संपले पाहिजे. पाय फार जवळ पडला तर गुडघा अडथळ्यावर जातो, फार लांब पडला तर हवेत तरंगावे लागते आणि वेग तिथेच सांडतो. ढांगांची संख्या विषम असेल तर प्रत्येक अडथळ्यावर तोच पाय पुढे येतो. सम असेल तर पाय आलटून पालटून येतात. धावपट्टीची वळणे डावीकडे असल्यामुळे डावा पाय पुढे टाकणाऱ्याला मार्गिकेच्या आतल्या कडेने पळता येते. उजवा पाय पुढे टाकणारा मात्र थोडा बाहेर सरकतो, कारण त्याचा मागून येणारा डावा पाय अडथळ्याच्या बाजूने, वरच्या पातळीच्या खालून गेला तर तो बाद ठरतो. मोझेस डावा पाय पुढे टाकायचा आणि दोन अडथळ्यांमध्ये तेरा ढांगा भरायचा. तेरा ढांगांचा हिशेब केला तर एक ढांग अडीच मीटरला जराशी कमी भरते. पंधरा ढांगांच्या हिशेबात ती दोन मीटरच्या आसपास येते.

तेरा ढांगा मोझेसच्या आधीही टाकल्या जात, पण शर्यतीच्या पहिल्या भागात. दुसऱ्या वळणावर दम उतरला, मांड्या जड झाल्या की ढांग आखडते; मग धावपटू चौदावर किंवा पंधरावर येई. ही बदली अवघड असते, कारण ती नेमकी थकव्याच्या वेळी करावी लागते आणि चौदावर आले की नावडता पाय पुढे टाकावा लागतो. मोझेसने बदलीच केली नाही. पहिल्या अडथळ्यापासून दहाव्यापर्यंत तेरा. प्रतिस्पर्धी सहाव्या-सातव्या अडथळ्यापाशी पावले मोजत, सावरत असताना तो त्याच लयीत पुढे निघून जाई. लांबून पाहणाऱ्याला वाटे, याने शेवटी वेग वाढवला. प्रत्यक्षात शेवटच्या शंभर मीटरांत सगळेच मंदावतात. तो इतरांपेक्षा कमी मंदावत असे, एवढेच.

सुरुवातीचा काळ : मोझेसचे आईवडील शिक्षण क्षेत्रात होते आणि घरात अभ्यासाला पहिले स्थान होते. अटलांटा येथील मोरहाउस कॉलेजात तो खेळाच्या नव्हे, अभ्यासाच्या शिष्यवृत्तीवर गेला. विषय भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी. कॉलेजला स्वतःची धावपट्टीच नव्हती, त्यामुळे शहरातल्या शाळांच्या मैदानांवर सराव करावा लागे. तिथे तो ११० मी. अडथळे आणि सपाट ४०० मी. पळत असे. पुढे जिच्यावर त्याने दहा वर्षे राज्य केले ती शर्यत मार्च १९७६ पर्यंत तो फक्त एकदा धावला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑलिंपिक होते.

२५ जुलै १९७६ रोजी माँट्रिऑलच्या अंतिम फेरीत त्याने ४७.६३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. वय २० वर्षे, आणि ही त्याची पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा. दुसरा आलेला त्याचाच देशबंधू माइक शाइन ४८.६९ सेकंदांवर होता. एका फेरीच्या शर्यतीत सेकंदाहून जास्त फरक म्हणजे आठ-नऊ मीटरांची दरी. काळा चष्मा लावलेला मोझेस आणि गोरा शाइन यांनी मैदानाला विजयी फेरी बरोबरीने मारली. या विजयाला एक ‘पण’ चिकटलेला आहे. आधीचा विश्वविक्रमवीर, १९७२ चा म्यूनिक विजेता युगांडाचा जॉन अकी-बुआ (४७.८२) त्या दिवशी धावपट्टीवर नव्हता, न्यूझीलंडच्या रग्बी संघाने दक्षिण आफ्रिकेचा दौरा केल्याच्या निषेधार्थ आफ्रिकी देशांनी माँट्रिऑलवर बहिष्कार घातला होता. दोघांची गाठ तिथे पडली असती तर काय झाले असते, ही चर्चा अडथळा शर्यतीच्या शौकिनांत अजून संपलेली नाही. पुढल्या वर्षी, ११ जून १९७७ ला लॉस एंजेलिसमध्ये मोझेसने विक्रम ४७.४५ वर आणला.

अपराजित मालिका : २६ ऑगस्ट १९७७ रोजी बर्लिनमध्ये पश्चिम जर्मनीच्या हाराल्ट श्मिडने मोझेसला हरवले. आठवड्याभरात ड्युसेलडॉर्फच्या विश्वचषक स्पर्धेत मोझेसने त्याच श्मिडला भरपूर अंतराने मागे टाकले आणि त्यानंतर ४ जून १९८७ पर्यंत तो या शर्यतीत कोणाकडूनही हरला नाही. १२२ विजय, त्यांपैकी १०७ अंतिम फेऱ्यांतले. ‘नऊ वर्षे, नऊ महिने, नऊ दिवस’ हा जो काळ सांगितला जातो तो बर्लिनच्या पराभवापासून मोजलेला आहे, पहिल्या विजयापासून नव्हे.

श्मिड हा काही लिंबूटिंबू नव्हता. १९७८, १९८२ आणि १९८६ अशा तीन युरोपीय स्पर्धा त्याने जिंकल्या. १९८२ मध्ये अथेन्सला त्याने नोंदवलेली ४७.४८ ही वेळ बराच काळ युरोपीय विक्रम होती. दुसऱ्या कोणत्याही दशकात तो निर्विवाद पहिला ठरला असता. मोझेसच्या मालिकेची किंमत अशा माणसांवरून करावी लागते. उलट १९८२ चा सबंध हंगाम मोझेस आजारपण व दुखापतीमुळे धावलाच नाही, तेव्हा ही मालिका दहा वर्षे अखंड पळण्याची नव्हती, हेही नोंदवायला हवे.

मालिकेच्या मध्यावर मॉस्को ऑलिंपिक आले. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांमुळे अमेरिकेने १९८० च्या खेळांवर बहिष्कार टाकला आणि मोझेस घरी राहिला. तत्पूर्वी ३ जुलै १९८० ला मिलानमध्ये तो ४७.१३ सेकंदांत धावून आला होता, नवा विश्वविक्रम. मॉस्कोत पूर्व जर्मनीच्या फोल्कर बेकने ४८.७० सेकंदांत सुवर्णपदक घेतले. वेगवेगळ्या दिवशीच्या, वेगवेगळ्या हवेतल्या वेळांची वजाबाकी करून पदके वाटता येत नाहीत, आणि बेकने समोर होते त्यांना हरवले हे खरेच. तरी दीड सेकंदाची ही तफावत पाहिली की मोझेसच्या नावापुढे दोनच ऑलिंपिक सुवर्णपदके का, याचे उत्तर मैदानात सापडणारे नाही एवढे कळते.

१९८३ मध्ये हेलसिंकी येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे तो ४७.५० सेकंदांत पहिला आला. श्मिड सेकंदाहून जास्त मागे राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ ऑगस्टला, म्हणजे आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, कोब्लेन्ट्स येथे मोझेसने ४७.०२ सेकंदांची नोंद केली. ही त्याची सर्वांत जलद धाव. सत्तेचाळीसच्या आत जाण्यासाठी शतांश सेकंदाचे तीन भाग कमी पडले आणि ते त्याला पुढेही कधी भरून काढता आले नाहीत.

लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याचा मान त्याला मिळाला. दहा अडथळ्यांची पावले ज्याच्या अंगात मुरलेली, तो चार ओळींच्या शपथेत अडखळला. शब्द विसरला, तीच ओळ पुन्हा म्हणाला, आणि कसाबसा शेवटापर्यंत पोचला. अंतिम फेरीत मात्र गडबड नव्हती : ४७.७५ सेकंद, सुवर्णपदक. रौप्यपदक (४८.१३) अठरा वर्षांच्या डॅनी हॅरिसला, कांस्य (४८.१९) श्मिडला.

याच हॅरिसने ४ जून १९८७ ला माद्रिदमध्ये मालिका संपवली. हॅरिस ४७.५६, मोझेस ४७.६९. शेवटच्या अडथळ्याला मोझेसचा पाय लागला होता, पण त्याआधीच हॅरिस पुढे होता. मालिका सुरू झाली तेव्हा हॅरिस अकरा वर्षांचा होता. हरलेल्या मोझेससाठी प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्या पराभवानंतर तीन महिन्यांनी रोममध्ये झालेली जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी ही माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी शर्यत. आधीचे विजय दहा-दहा मीटरांचे, एकट्याने पळल्यासारखे. रोमला शेवटच्या चाळीस मीटरांत तिघे एका रांगेत आले. मोझेस ४७.४६, हॅरिस ४७.४८, श्मिड ४७.४८. हॅरिस तरुण होता आणि जोरात येत होता. श्मिडने पाच वर्षांपूर्वीच्या आपल्या विक्रमाची बरोबरी केली, तरी त्याच्या हाती कांस्यच लागले. बत्तिशीतल्या मोझेसकडे पूर्वीची आघाडी उरली नव्हती. तरी रेषेवर छाती आधी त्याचीच टेकली. वर्षानुवर्षे कोणी आव्हान देत नसताना जिंकणे आणि हरण्याची चव पुन्हा चाखल्यावर दोन शतांशांनी जिंकणे, यांतले दुसरे अधिक कठीण असावे.

सोल, १९८८. अंतिम फेरीत देशबंधू आंद्रे फिलिप्स ४७.१९ सेकंदांच्या ऑलिंपिक विक्रमासह पहिला आला. वर्षानुवर्षे मोझेसकडून हरत आलेल्या फिलिप्सने नेमकी हीच शर्यत साधली. सेनेगलचा आमादू दिया बा (४७.२३) दुसरा आला आणि आपल्या देशाला पहिलेवहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. तेहतीस वर्षांचा मोझेस ४७.५६ सेकंदांसह तिसरा. माँट्रिऑलला सुवर्ण मिळाले ते ४७.६३ ला, लॉस एंजेलिसला ४७.७५ ला, म्हणजे कांस्यपदकाची ही धाव त्याच्या दोन्ही सुवर्णपदकांपेक्षा जलद होती. ही त्याची शेवटची मोठी शर्यत ठरली.

मैदानाबाहेर : मोझेसच्या काळात मैदानी खेळ कागदोपत्री हौशी होते. धावपटूने उघडपणे पैसे घेतले तर तो अपात्र ठरे, आणि आयोजक टेबलाखालून पाकिटे देत हे सगळ्यांना ठाऊक असे. कमाई विश्वस्त निधीत जमा करायची, त्यातून सरावाचा व राहणीचा खर्च भागवायचा आणि तरीही पात्रता टिकवायची, अशी व्यवस्था १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. तिच्यासाठी खटपट करणाऱ्यांत मोझेस पुढे होता. उत्तेजक द्रव्यांविरुद्धही तो खेळत असतानाच बोलू लागला. स्पर्धेच्या दिवशी घेतलेल्या चाचण्या पुरेशा नाहीत. सरावाच्या काळात, न कळवता चाचणी झाली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता आणि अमेरिकेत तशी पद्धत आखण्याच्या कामात त्याने भाग घेतला. पुढे तो अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. २००० पासून लॉरियस जागतिक क्रीडा अकादमीचे अध्यक्षपदही त्याने बरीच वर्षे सांभाळले. मधल्या काळात बर्फावरच्या बॉबस्ले गाडीचा नाद लागून १९९० मध्ये जर्मनीतील विंटरबर्ग येथे दोघांच्या गटात विश्वचषकाचे कांस्यपदक मिळवले, आणि १९९४ मध्ये व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली.

विक्रमानंतर : या शर्यतीचा विश्वविक्रम जुलै १९७६ पासून ऑगस्ट १९९२ पर्यंत, सोळा वर्षे, मोझेसच्याच नावावर होता. तो मोडला केव्हिन यंगने, बार्सिलोना ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत. यंग उंचापुरा होता आणि काही अडथळ्यांच्या मधले अंतर त्याने तेराऐवजी बाराच ढांगांत कापले. शेवटचा अडथळा त्याच्या पायाने हलला, तरी वेळ आली ४६.७८. यंगचा विक्रम आणखी २९ वर्षे टिकला. २०२१ मध्ये नॉर्वेच्या कार्स्टेन वार्होल्मने आधी ऑस्लोत ४६.७० आणि मग ३ ऑगस्टला टोकियो ऑलिंपिकमध्ये ४५.९४ सेकंद अशी मजल मारली. टोकियोत दुसरा आलेला अमेरिकेचा राय बेंजामिन ४६.१७ वर होता. वार्होल्म बाराच्या वाटेला गेला नाही. दहाही अडथळ्यांदरम्यान तो तेराच ढांगा टाकतो.