मुख्यालय-वास्तू : सोलापूर आणि मुंबई

कंपनीचा कारभार चालवण्यासाठी आणि तिची पत रस्त्यावरून जाणाऱ्याच्याही नजरेत भरावी यासाठी उभारलेली मध्यवर्ती कचेरी म्हणजे मुख्यालय-वास्तू. कारखान्याची इमारत उपयोगाला उतरली की पुरे. मुख्यालयाचा निम्मा जीव दर्शनी भागात असतो. सोलापूरच्या बाबतीत मात्र ही नोंद थोडी उलटी लिहावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे शहर कापडगिरण्यांचे. भोंगे, चिमण्या, चाळी इथे, पण इथे पैसा मिळवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या देखण्या कचेऱ्या पाहायच्या तर सुमारे साडेचारशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागते.

पहिली अशी कंपनी रेल्वेची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा, लोहमार्ग मोहोळकडून 1860 मध्ये सोलापुरात आला. त्यानंतर अठरा वर्षांनी, 1878 मध्ये, कंपनीने बोरीबंदरला आपले स्थानक आणि प्रशासकीय कचेरी बांधायला घेतली. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम दहा वर्षे चालले आणि 1887 मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, इमारतीला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. आजचे हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरणारा सोलापूरकर फलाटावरून थेट टॅक्सीकडे वळतो, त्यामुळे आपण एका कंपनीच्या मुख्यालयाला वळसा घालून चाललो आहोत हे बहुधा त्याच्या ध्यानात येत नाही. गाड्यांची शेड हा इमारतीचा मागचा भाग. रस्त्याकडे तोंड करून उभी आहे ती कचेरी.

ही कचेरी थांबून पाहण्यासारखी आहे. इटालियन वळणाची गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची, शैली, तीन बाजूंनी अंगण वेढणारी रचना आणि मधोमध अष्टकोनी घुमट. घुमटावर प्रगतीचे प्रतीक म्हणून एक स्त्रीमूर्ती आहे : एका हातात उंच धरलेली मशाल, दुसऱ्या हाताशी आऱ्यांचे चाक. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. दर्शनी भागावरच्या गोल चौकटींत कंपनीशी संबंधित मंडळींचे मुखवटे आहेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. पानाफुलांचे आणि प्राण्यांचे बरेच कोरीवकाम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचे. आतला जिना तर मुद्दाम जाऊन पाहावा : पायऱ्यांचे एक टोक भिंतीत रुतवलेले, दुसरे अधांतरी, आणि वर थेट घुमटाची पोकळी. कारकुनांच्या कचेरीला एवढा थाट कशासाठी, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. गंमत अशी की, एवढे करूनही जीआयपीचे संचालक मंडळ बसत होते लंडनला. बोरीबंदरला होता कंपनीचा ‘एजंट’, म्हणजे इथला सर्वांत वरचा अधिकारी. म्हणजे सोलापूरचा साहेब मुंबईला आणि मुंबईचा साहेब विलायतेला. ही साखळी 1925 मध्ये सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्यावर तुटली. 1951 मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली आणि इमारत तिचे मुख्यालय बनली. 2004 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले.

गिरण्यांची तऱ्हाही फारशी वेगळी नव्हती. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’, 1870 च्या दशकात मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी काढली. त्या काळच्या मॅनेजिंग एजन्सी पद्धतीत भागधारकांची कंपनी एक असे आणि ती चालवणारी पेढी वेगळी. कापूस-खरेदी, कर्ज, विक्री यांचे निर्णय पेढीवर होत आणि पेढीला ठरलेले कमिशन मिळे. (ही पद्धत कायद्याने बंद झाली ती 1970 मध्ये.) गिरणीच्या आवारातली कचेरी हजेरी, पगार आणि मालाची जावक यांपुरती. अंतराची खरी किंमत 1949 मध्ये कळली. त्या वर्षी जुनी मिल बंद पडली, हजारो कामगार घरी बसले आणि 1950 च्या आरंभी केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून गिरणीचा ताबा घेतला. त्यावर भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. मूलभूत हक्कांचा अभ्यास करणाऱ्या वकिलांना ‘सोलापूर मिल’ माहीत असते ती या खटल्यांमुळे.

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये सोलापूरची खूण रस्त्यांच्या पाट्यांवर सापडते. गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीने भर घालून पोर्ट ट्रस्टने पहिल्या महायुद्धाच्या काळात उभारलेली ही वसाहत. वास्तुविशारद जॉर्ज विटेट याने इमारतींची उंची, कंगोरे आणि दर्शनी ठेवण जवळपास एकसारखी राखली. इथला एक रस्ता वालचंद हिराचंद यांच्या नावाचा, दुसरा नरोत्तम मोरारजींच्या. वालचंद 1882 मध्ये सोलापुरात जन्मले आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटावर हात बसवून पुढे गेले. नरोत्तम हे जुनी मिल काढणाऱ्या मोरारजींचे चिरंजीव. दोघांनी मिळून 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी उभी केली. तिचे सिंदिया हाउस आणि वालचंद यांचे कन्स्ट्रक्शन हाउस, दोन्ही याच वसाहतीत आहेत.

खुद्द सोलापुरात मुख्यालय म्हणून मिरवणारी वास्तू एकच, इंद्रभुवन, आणि तीही कंपनीने बांधलेली नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अप्पासाहेब वारद यांनी रेल्वे लाइन्स भागात बांधलेला हा दगडी वाडा आज महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. नगरपालिका 1852 ची, तिची महानगरपालिका झाली 1 मे 1964 रोजी. घर म्हणून कल्पिलेल्या वास्तूत कचेरी थाटली की दालने अपुरी पडतात, फायलींची कपाटे व्हरांड्यात येतात. पण कमानी आणि कोरीवकाम पाहता सोलापूरच्या एखाद्या गिरणी कंपनीने असे काही बांधायला हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

चादरी-टॉवेलांच्या धंद्याने तर मुख्यालय ही गोष्टच मानली नाही. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखानदाराची कचेरी म्हणजे यंत्रमागांच्या शेडला लागून असलेली खोली : टेबल, वजनकाटा, बांधून ठेवलेले गठ्ठे. मागांच्या खडखडाटात फोनवर बोलायचे तर आवाज चढवावाच लागतो. मालक, माल आणि माग एकाच छपराखाली असल्यामुळे इथे साहेबाला भेटायला परगावी जावे लागत नाही.