अमेरिकी बिअर उद्योग : व्यापार आणि विपणनातील अडचणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बिअर उद्योग जगातील सर्वांत मोठ्या बिअर उद्योगांपैकी एक असला, तरी त्याच्या अडचणी बऱ्याच अंशी त्या देशाच्या कायद्यांतून आलेल्या आहेत. बिअर बनवणारा आणि पिणारा यांच्यामध्ये कायद्याने वितरक उभा केला आहे. दुकानातल्या शीतकपाटात कोणता डबा डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा, बारमधल्या कोणत्या नळाला कोणते पिंप जोडायचे, हे ठरवण्याचा अधिकार कारखानदाराला नाही. त्याच्या हाती मुख्यतः जाहिरात उरते. गेल्या पन्नास वर्षांत या धंद्यात जाहिरातीवर अफाट पैसा का ओतला गेला, त्याचे मूळ इथे आहे.

ही व्यवस्था दारूबंदीच्या अनुभवातून आली. १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू होण्यापूर्वी अनेक सलून, म्हणजे दारूचे गुत्ते, ब्रुअरींच्याच, म्हणजे बिअरच्या कारखान्यांच्याच, मालकीचे असत किंवा त्यांच्या कर्जावर चालत. अशा गुत्त्यात एकाच कारखान्याची बिअर मिळे आणि खप वाढवण्यासाठी गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त पाजण्याकडे कल असे. दारूबंदीच्या बाजूने लोकमत तापायला हे गुत्ते बरेच कारणीभूत ठरले. ७ एप्रिल १९३३ पासून सौम्य बिअर पुन्हा विक्रीला आली आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला राज्यघटनेच्या एकविसाव्या दुरुस्तीने दारूबंदी संपली. दारूचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडे गेले. बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक वितरक आणि किरकोळ विक्रेता अशी त्रिस्तरीय पद्धत स्वीकारली आणि उत्पादकाला दुकानात वा बारमध्ये मालकी ठेवायला सर्वसाधारणपणे मनाई केली. हेतू रास्त होता. आज मात्र या पद्धतीचा सर्वाधिक जाच छोट्या ब्रुअरींना होतो.

याचे कारण वितरणाचे करार. अनेक राज्यांच्या कायद्यांनुसार, एकदा वितरक नेमला की सबळ कारण दाखवल्याशिवाय ब्रुअरीला करार मोडता येत नाही. वितरकाच्या गोदामात शेकडो प्रकारची बिअर असते आणि त्याच्या विक्रेत्याला एका दुकानात मिळतात मोजकी मिनिटे. तो आधी खपणाऱ्या मालाचे बोलतो, मग वेळ उरला तर नव्या नावाचे. भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घातलेल्या इंडिया पेल एल या बिअरचा सुगंध काही महिन्यांतच उतरतो. ती बिअर गोदामात उबेला पडून राहिली, तर गिऱ्हाईक पहिल्याच घोटाला तोंड वाकडे करते आणि दोष डब्यावर छापलेल्या नावाला देते. वितरकाचे नाव त्याला ठाऊकही नसते.

राज्यागणिक नियम बदलतात हा आणखी एक ताप. युटामध्ये नोव्हेंबर २०१९ पर्यंत किराणा दुकानात वजनी ३.२ टक्क्यांपेक्षा अधिक मद्यार्काची बिअर विकता येत नसे, म्हणून मोठे कारखाने अशा राज्यांसाठी सौम्य बिअर वेगळी बनवत. लेबलवर मद्यार्काचे प्रमाण छापण्यावर १९३५ च्या संघीय कायद्याने घातलेली बंदी कूर्स या बिअर कंपनीने न्यायालयात आव्हान दिल्यावर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तोवर साठ वर्षे, पिणाऱ्याला सर्वांत आधी हवी असणारी माहितीच डब्यावर देता येत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर दूरचित्रवाणी आणि महामार्ग आले, तशा प्रादेशिक ब्रुअरी एकामागून एक मोडल्या किंवा विकल्या गेल्या. १८७३ मध्ये देशात ४,१३१ ब्रुअरी होत्या. १९७० च्या दशकाअखेर त्या शंभराच्याही खाली आल्या. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने मिलर ब्रुअरी विकत घेतली आणि सिगारेट विकण्याचे तंत्र बिअरला लावले. कमी उष्मांकांची बिअर त्याआधीही बाजारात येऊन आपटली होती, कारण ती पथ्याचे पेय म्हणून विकली जाई. १९७५ मध्ये देशभर आणलेल्या मिलर लाइटच्या जाहिरातींत निवृत्त, धिप्पाड खेळाडू आपसांत वाद घालत : एक म्हणे चव झकास, दुसरा म्हणे पोट जड होत नाही. या एका मोहिमेने मिलर सातव्या स्थानावरून दुसऱ्या स्थानावर जाण्यास मोठा हातभार लावला. बडवायझर बनवणाऱ्या अनहॉयझर-बुशने १९८२ मध्ये बड लाइट आणून उत्तर दिले.

जाहिरात काय करू शकत नाही, हे श्लिट्झच्या कहाणीतून कळते. मिलवॉकीची ही ब्रुअरी १९५० च्या दशकात देशात पहिल्या क्रमांकावर होती. अनहॉयझर-बुशने मागे टाकल्यावर तिने १९७० च्या दशकात खर्च कापायला घेतला : आंबवण्याचा काळ घटवला, जवाच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) काही भाग काढून मक्याचे सिरप वापरले. हिशेबाच्या वहीत हे बदल फायद्याचे दिसत होते. मग लेबलवर घटक छापावे लागतील या धास्तीने बिअर नितळ ठेवणारा पदार्थ बदलला. नव्या पदार्थाचा फेस टिकवणाऱ्या दुसऱ्या पदार्थाशी संयोग झाला आणि बाटलीत पांढरट कण तरंगू लागले. १९७६ मध्ये सुमारे एक कोटी बाटल्या-डबे गाजावाजा न करता परत मागवावे लागले. वर्षभराने आलेल्या जाहिरातींत, ‘तुमची श्लिट्झ सोडा’ असे कुणी सुचवताच एक दांडगा गडी कॅमेऱ्याकडे बघून चिडे. लोकांना त्या धमकीसारख्या वाटल्या आणि मोहीम गुंडाळावी लागली. १९८२ मध्ये डेट्रॉइटच्या स्ट्रो ब्रुअरीने श्लिट्झ विकत घेतली. बिअर बिघडवण्याचे निर्णय सुटे सुटे पाहिले तर प्रत्येक लहानच होता, म्हणून हे उदाहरण आजही अभ्यासण्याजोगे आहे.

छोट्या ब्रुअरींची म्हणजे क्राफ्ट बिअरची चळवळ या एकसुरी बाजाराविरुद्ध उभी राहिली. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी वाचवली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअर करमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि पुढच्या पिढीतले अनेक ब्रुअर घरच्या पातेल्यांवरच शिकले. सिएरा नेवाडा (१९८०) आणि सॅम्युएल अ‍ॅडम्स बनवणारी बॉस्टन बिअर कंपनी (१९८४) यांनी वाट मळवली. २०१५ मध्ये १८७३ चा ब्रुअरींचा आकडा मागे पडला. आज तो नऊ हजारांच्या वर आहे. पण खपाच्या प्रमाणात क्राफ्टचा वाटा आठव्या हिश्श्याच्या आसपासच आहे आणि २०२४ मध्ये नव्या उघडलेल्या ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्या अधिक भरल्या.

छोट्या ब्रुअरीचे अर्थकारण एका पिंपात पाहता येते. अर्ध्या बॅरलच्या पिंपातून, म्हणजे सुमारे ५९ लिटरमधून, १६ औंसांचे साधारण १२० पेले भरतात. पिंप वितरकाला दिले तर घाऊक भाव मिळतो. बहुतेक राज्यांत आता मुभा असल्याप्रमाणे ते स्वतःच्या टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीतल्याच बारमध्ये, रिकामे केले तर प्रत्येक पेल्याची किरकोळ किंमत गल्ल्यात येते. म्हणून अनेक नव्या ब्रुअरी वितरणाच्या फंदात न पडता मोहल्ल्याच्या बैठकीची जागा होऊन राहतात. वाढायचे म्हटले की डबे लागतात. बॉल कॉर्पोरेशन या बड्या डबेउत्पादकाने दीर्घकालीन करार नसलेल्या ग्राहकांसाठी छापील डब्यांची किमान मागणी २०२२ मध्ये एका ट्रकवरून पाच ट्रकांवर, म्हणजे सुमारे दहा लाख डब्यांवर नेली. तेव्हा अनेकांना कोरे डबे घेऊन त्यावर कागदी लेबले चिकटवावी लागली. २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमवरचे आयातशुल्क वाढल्याने हा खर्च आणखी चढला.

बड्यांचे संकट निराळे. २००८ मध्ये बेल्जियमच्या इनबेव्हने सुमारे ५२ अब्ज डॉलरना अनहॉयझर-बुश घेतली. एप्रिल २०२३ मध्ये बड लाइटने डिलन मल्व्हेनी या ट्रान्सजेंडर समाजमाध्यम कलावतीबरोबर छोटी प्रसिद्धी केली आणि पुराणमतवादी ग्राहकांनी बहिष्कार पुकारला. कंपनीने ठाम भूमिका घेतली नाही, त्यामुळे दुसरी बाजूही दुखावली. खप सुमारे पाव हिश्श्याने पडला आणि पडलेलाच राहिला. सर्वांची बिअर म्हणून वाढलेल्या नावाला लोकांच्या राजकीय दुहीत उभे राहायला जागा उरली नव्हती. शिवाय बड लाइटसारख्या साध्या लेगर बिअरची चव इतकी सारखी, की शेजारचा डबा उचलायला गिऱ्हाइकाला काहीच कष्ट पडत नाहीत. त्या वर्षी विक्रीच्या रकमेत मॉडेलो एस्पेसियल पहिली आली. ही मेक्सिकन बिअर इतरत्र अनहॉयझर-बुश इनबेव्हचीच. पण २०१३ च्या मक्तेदारीविरोधी समझोत्यात अमेरिकेतील हक्क कॉन्स्टेलेशन ब्रँड्सकडे गेले होते.

याखेरीज एकूण पिणेच घटते आहे. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत मद्य घेतो असे सांगणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ५४ टक्के, त्या पाहणीच्या इतिहासातील नीचांकी, होते. बदलत्या आवडीमागे धावणेही महाग पडते : हार्ड सेल्टझर या फेसाळ मद्यपेयाची लाट कायम राहील असे धरून बॉस्टन बिअरने माल बनवला आणि २०२१ मध्ये लक्षावधी खोकी टाकून द्यावी लागली. अँकरचे शेवटी जुन्या पुण्याईवर भागले नाही. २०१७ मध्ये ती जपानच्या सपोरोकडे गेली, २०२१ मध्ये ओळखीची लेबले बदलून जुन्या चाहत्यांचा रोष ओढवला, आणि जुलै २०२३ मध्ये बंद झाली. पुढच्या वर्षी उद्योजक हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली.

वाढ दिसते ती मद्यरहित बिअरमध्ये. कनेक्टिकटमध्ये सुरू झालेली अ‍ॅथलेटिक ब्रुइंग कंपनी फक्त हीच बिअर बनवते. अशा बिअरमध्ये मद्यार्क अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने तिला बहुतेक ठिकाणी दारूच्या वितरणाचे नियम पूर्णपणे लागू होत नाहीत. त्यामुळे ही कंपनी इंटरनेटवर मागणी घेऊन आपली खोकी थेट पिणाऱ्याच्या घरी पाठवू शकते.