अपंग माजी सैनिकांसाठीच्या सवलती व साहाय्यसेवा (सातारा जिल्हा)

लष्करी सेवेत असताना जखम, अपघात किंवा आजार यांमुळे कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकाला सेवेतून बाहेर पडल्यावर मिळणारे निवृत्तिवेतन, औषधोपचार, पुनर्वसन, नोकरीतील राखीव जागा आणि करसवलती यांची ही व्यवस्था आहे. ती कुठल्या एका कायद्यातून उभी राहिलेली नाही. पेन्शन संरक्षण मंत्रालय देते, घरपट्टी राज्याच्या निर्णयाने माफ होते, कृत्रिम पाय पुण्याच्या लष्करी केंद्रात बसवला जातो आणि एसटीच्या सवलतीसाठी जिल्हा रुग्णालयाचा दाखला लागतो. या दारांपैकी कुठले उघडेल आणि कुठले बंद राहील, हे बहुतेक वेळा अपंगत्व किती आहे यापेक्षा ते कशामुळे आले यावर ठरते.

सातारा जिल्ह्यात हा विषय घरोघरचा आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांचे स्मारक गावात आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. कराडला १९७१ च्या युद्धातील विजयाच्या स्मरणार्थ दर डिसेंबरात विजय दिवस समारोह होतो. स्मारके आणि समारंभ यांत मुख्यतः हुतात्म्यांची आठवण निघते. पाय गमावून परत आलेला हवालदार मात्र पुढची तीस-चाळीस वर्षे कागद सांभाळत जगतो. प्रस्तुत नोंद त्या कागदांविषयीही आहे.

सैनिक वैद्यकीय कारणाने मुदतीआधी घरी पाठवला गेला, म्हणजे फौजी बोलीत 'बोर्ड आऊट' झाला, किंवा लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे प्रकृतीमुळे हलक्या कामाच्या वर्गात, राहून मुदत संपवून निवृत्त झाला, तरी त्याआधी त्याला वैद्यकीय मंडळापुढे उभे राहावे लागते. अपंगत्वाची टक्केवारी किती आणि ते सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले का, या दोन प्रश्नांची उत्तरे मंडळ लिहून ठेवते. दुसऱ्या उत्तराचे वजन अधिक. नियंत्रण रेषेवर सुरुंगावर पाय पडून तो गमावलेला जवान आणि सुट्टीत कराडच्या बाजारातून मोटारसायकलवर घरी येताना अपघातात तोच पाय गमावलेला जवान, यांची शारीरिक स्थिती सारखीच असते. पण पहिल्याला युद्धजखम पेन्शन मिळते, तर दुसऱ्याचा दावा साधारणपणे फेटाळला जातो, कारण खाजगी कामावरचा प्रवास लष्करी कर्तव्यात मोडत नाही. हाच जवान सुट्टी संपवून युनिटकडे परतत असता, तर तो प्रवास नियमानुसार कर्तव्यातच धरला गेला असता. त्यामुळे अपघात झाल्या झाल्या युनिटला कळवणे, पोलिसांचा पंचनामा आणि सुट्टीचा पास जपून ठेवणे या गोष्टींना पुढे फार किंमत येते. इस्पितळात धावपळ करणाऱ्या घरच्यांना त्या वेळी ते सुचत नाही.

नेहमीच्या विकलांगता पेन्शनचे दोन भाग असतात. सेवा घटक अखेरच्या हिशेबी वेतनाच्या, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या वेतनाच्या, ५० टक्के असतो. विकलांगता घटक शंभर टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के आणि त्याहून कमी अपंगत्वाला त्याच प्रमाणात मिळतो. किमान २० टक्के अपंगत्व असावे लागते. बोर्ड आऊट झालेल्यांसाठी टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची सोय १९९६ पासून लागू आहे: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि ७६ पासून पुढे १००. म्हणजे ज्याच्या कागदावर २० टक्के लिहिले आहे त्याला वेतनाच्या ६ टक्क्यांऐवजी १५ टक्के मिळतात. मुदत संपवून निवृत्त झालेल्यांना हा लाभ नाकारला जात होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात तो त्यांनाही दिला. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याचा हिशेब वेगळा आहे. तो बोर्ड आऊट झाला असेल, तर शंभर टक्के अपंगत्वाला युद्धजखम घटक अखेरच्या वेतनाइतका धरला जातो आणि मुदतीपर्यंत सेवेत राहिलेल्याला ६० टक्के. पूर्ण परावलंबी असलेल्या, शंभर टक्के अपंगत्वाच्या सैनिकाला मदतनिसासाठी सतत परिचर्या भत्ताही मिळतो. सातव्या वेतन आयोगाने तो महिना ६,७५० रुपये केला.

अपंगत्वाचा सेवेशी संबंध नसेल, तर उरते ती साधी अशक्तता पेन्शन. तिला पूर्वी दहा वर्षांची सेवा लागत असे. ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी ही अट शिथिल झाली. २१ सप्टेंबर २०२३ पासून विकलांगता पेन्शनच्या पात्रतेचे नवे नियम आले. त्यांत अपंगत्व येऊनही सेवेत कायम राहिलेल्यांना दिल्या जाणाऱ्या रकमेचे नाव आणि स्वरूप बदलले आहे. म्हणून चुलत्याच्या पेन्शनवरून पुतण्याने स्वतःचा हिशेब मांडू नये. माजी सैनिकांच्या मेळाव्यांत हा घोळ हमखास होतो.

मंडळाचा निर्णय मान्य नसेल, तर आधी खात्याच्या समितीकडे पहिले अपील, मग दुसरे आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, असा क्रम आहे. साताऱ्याची प्रकरणे न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जातात. या लढ्यात सैनिकाच्या बाजूचा सर्वांत भक्कम आधार धरमवीर सिंग प्रकरणातील २०१३ चा निकाल आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले.

जिल्ह्यात या सगळ्याचे पहिले दार म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जुनी माणसे अजूनही त्याला 'सोल्जर बोर्ड' म्हणतात. ते पुण्याच्या राज्य सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत आहे. माजी सैनिकाची नोंदणी, ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्त्यांचे व अनुदानांचे अर्ज आणि रेकॉर्ड ऑफिसशी, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाशी, पत्रव्यवहार ही कामे तिथे होतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाचे रेकॉर्ड बेळगावला असते. पेन्शन मंजूर करणारे लेखा कार्यालय प्रयागराजला आहे आणि पेन्शनचा कारभार आता 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीतून चालतो. डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका) आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) या दोन कागदांतील नाव, जन्मतारीख किंवा पत्नीचे नाव आधारशी जुळत नसेल, तर गाडे अडते. बायकोचे माहेरचे आणि सासरचे नाव वेगवेगळ्या कागदांवर असणे हे तर नित्याचेच. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. बोटांचे ठसे देणे शक्य नसलेल्यांची पूर्वी अडचण होई. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाल्याने हे काम मोबाइलवरही होते.

औषधोपचारासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू आहे. साताऱ्यात तिचे पॉलिक्लिनिक आहे. युद्धात अपंग झालेल्यांना अंशदान भरावे लागत नाही. मोठ्या उपचारांसाठी पुणे गाठावे लागते आणि सातारकरांना ते जवळ आहे, हे त्यांचे सुदैवच. १९४४ मध्ये स्थापन झालेले तिथले कृत्रिम अवयव केंद्र आजही सैनिकांना हात-पाय बसवून चालायला शिकवते. कृत्रिम पाय एकदा बसवला की काम संपत नाही. उरलेल्या अवयवाचा आकार बदलतो, सॉकेट सैल होते आणि डोंगरउतारावरच्या शेतात तो पाय लवकर झिजतो. अशा दुरुस्तीसाठी केंद्राच्या फेऱ्या आयुष्यभर चालू राहतात. मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे सैनिक व्हीलचेअरवरचे खेळ खेळतात, काही जण तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात. खडकीचीच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग सैनिकांना नव्या व्यवसायाचे शिक्षण देते. तिची स्थापना १९१७ ची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली.

पुनर्वसनाचे सर्वांत ठळक उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आहे. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. या विलंबावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

लष्करी मंडळाची टक्केवारी नागरी सवलतींना आपोआप चालत नाही. एसटीची प्रवास सवलत किंवा दिव्यांगांच्या इतर योजना यांसाठी जिल्हा रुग्णालयातून वेगळा दाखला आणि दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढावे लागते. त्याचा निकष ४० टक्क्यांचा आहे आणि मोजण्याची पद्धतही वेगळी. पेन्शनला पात्र ठरलेला सैनिक इथे अपात्र ठरू शकतो आणि याच्या उलटही घडते. याला अन्याय म्हणण्यापेक्षा दोन खात्यांच्या दोन फूटपट्ट्या म्हणणे बरोबर. तरीही पाटणच्या डोंगरी भागातून एवढ्यासाठी पुन्हा साताऱ्याला यावे लागणाऱ्याला हा फरक समजावून सांगणे अवघड असते.

राज्य सरकारचे साहाय्य वेगळे आहे. कारवाईत अपंग झालेल्या महाराष्ट्रातील जवानांच्या एकरकमी मदतीत २०१९ मध्ये मोठी वाढ झाली आणि टक्केवारीनुसार २०, ३४ व ६० लाख रुपये असे टप्पे ठरले. माजी सैनिकांना घरपट्टीची माफी २०२० च्या निर्णयाने ग्रामपंचायत व शहर दोन्हीकडे लागू आहे, पण ती मागावी लागते. राज्याच्या नोकरभरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांतूनच दिले जाणारे) आरक्षण असून अपंग माजी सैनिकांना वयाची सवलत ४५ वर्षांपर्यंत मिळते. बँका व केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत माजी सैनिकांसाठीच्या आरक्षणात एकूण जागांच्या ४.५ टक्के जागा अपंग माजी सैनिक आणि कारवाईत मरण पावलेल्यांच्या अवलंबितांसाठी असतात. अपंगत्वामुळे सेवा सोडावी लागलेल्यांच्या विकलांगता पेन्शनवर प्राप्तिकर नाही. पेन्शनच नसलेल्या, ६५ वर्षांवरील हवालदार व त्याखालच्या पदांच्या गरजू माजी सैनिकांना केंद्राच्या कल्याण निधीतून दरमहा अनुदान मिळते. ते ४,००० वरून १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० रुपये झाले. या निधीचा उगम ७ डिसेंबरच्या ध्वजदिन संकलनात आहे.

२०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांना वरीलपैकी बरेच काही लागू नाही. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास १००, ७५ किंवा ५० टक्क्यांनुसार अनुक्रमे ४४, २५ व १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. त्याशिवाय उरलेल्या मुदतीचे वेतन आणि सेवानिधी, म्हणजे मुदतीअखेर मिळणारी एकरकमी रक्कम, मिळतो. दरमहा पेन्शनच्या जागी एकदाच हाती येणारी रक्कम हा यातला मूलभूत फरक आहे आणि वैद्यकीय मंडळाने लिहिलेले कारण इथेही तितकेच निर्णायक ठरते.