चोल कांस्यमूर्ती

तमिळनाडूत नवव्या ते तेराव्या शतकांदरम्यान, चोल राजवटीत ओतलेल्या देवमूर्ती. गाभाऱ्यातली दगडी मूर्ती जागची हलत नाही. म्हणून मिरवणुकीसाठी धातूची उत्सवमूर्ती घडवीत. बैठकीची भोके आणि कड्या दांडे ओवण्यासाठीच असतात. संग्रहालयात या मूर्ती उघड्या दिसतात, पण मुळात भाविकांना त्या वस्त्रे, दागिने आणि फुलांनी झाकलेल्याच दिसत. दहाव्या शतकातील राणी सेंबियन महादेवी हिने या कलेला मोठा आश्रय दिला.

ओतकामाच्या पद्धतीला मधूच्छिष्ट विधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मेण. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ही कृती दिली आहे. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथील स्थपती आजही तिनेच मूर्ती ओततात. नारळाच्या झावळीची पट्टी दुमडून ते तालमानाच्या, म्हणजे मूर्तीच्या अवयवांच्या ठरलेल्या प्रमाणांच्या, खुणा घेतात. मेणात राळ मिसळून संपूर्ण मूर्ती घडवतात. तिच्यावर आधी कावेरीच्या गाळाचा पातळ, अगदी मऊ लेप बसतो, कारण बोटांची नखेसुद्धा त्यातच उमटायची असतात. वरचे थर जाडेभरडे. साचा मोठा असेल तर तारेने आवळलेले. गोवऱ्यांच्या आचेवर मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. निवाल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. पंचधातू हा शब्द रूढ असला तरी धातू बहुतांशी तांबेच. सोबत कथील आणि शिसे. सोन्याचांदीचा अंश असलाच तर नाममात्र.

जुनी मूर्ती पारखताना धातूवरच्या हिरव्या गंजावर विसंबू नये. तो कृत्रिमरीत्याही चढवता येतो. चोल कारागीर जवळजवळ सगळे बारकावे मेणातच पुरे करीत, छिन्नीला काम थोडेच उरे. आज ओतल्यानंतरचे कोरीवकाम पुष्कळ असते, त्यामुळे रेषा धारदार लागतात. शिवाय शतकानुशतकांच्या अभिषेकाने जुन्या मूर्तींचे नाक-डोळे झिजतात. ही झीज म्हणजे दोष नव्हे. मूर्ती पूजेत होती याची ती खूण आहे.

आक्रमणांच्या काळात अनेक मूर्ती जमिनीत पुरल्या गेल्या. पत्तूरचा नटराज १९७६ मध्ये असाच सापडला, चोरून लंडनला गेला आणि न्यायालयीन लढ्यानंतर १९९१ मध्ये परतला. तिरुवेंकाडूचा वृषवाहन शिव इ. स. १०११ चा असल्याचे शिलालेखावरून कळते. माझ्या मते या कलेचा हा कळस. तंजावरच्या कलादालनात तो उभा आहे. शेजारचा नंदी उरलेला नाही, शिवाचा हात मात्र त्याच्यावर टेकल्यासारखा तसाच आहे.